बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळते हिवाळ्यात



गेल्या गळीत हंगामातील जानेवारीची गोष्ट. पहाटेचे साडेचार वाजले असतील. ऊस यार्डातली रांग वजनकाट्यापासून पार रस्त्याला लागली होती. थंडी अशी की यार्डाबाहेर गाडीवान पाचटाची शेकोटी करून बसलेले. काट्यावरून पुकारा झाला, पुढची वाहने हलली, आणि अकराव्या नंबरचा ट्रॅक्टर काही जागचा हलेना. चालकाने सेल्फ मारला. कट्... कट्... एवढाच आवाज. पुन्हा मारला, तेवढाही आवाज नाही. धक्का मारून चालू करावा म्हटले, तर मागे उसाने भरलेले दोन ट्रेलर. अख्खी टोळी लावली तरी ते ढिम्म हलायचे नाहीत. मागून हॉर्न, शिव्या, सगळे रीतीप्रमाणे झाले. शेवटी दुसऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून इंजिन उठवले. पाऊण तास गेला. मागे तीस-चाळीस वाहने खोळंबली होती. तोडलेला ऊस जितका थांबतो तितका वाळतो. वजन शेतकऱ्याचे घटते, उतारा कारखान्याचा घटतो. म्हणून हा पाऊण तास एकट्या चालकाचा नव्हता, सर्वांचाच होता.

चालक बिचारा ओशाळून म्हणाला, "थंडीनं बॅटरी खाल्ली, साहेब. काल सकाळपर्यंत एका सेल्फात उठत होता."

आपल्या वर्कशॉपचे जुने मिस्त्री तोवर तेथे आले होते. त्यांनी बॅटरीची सहाही बुचे उघडली, उजेड पाडून आत पाहिले, हायड्रोमीटर घातला. दोन खणांत प्लेटा पाण्याबाहेर उघड्या पडल्या होत्या, वरच्या कडा पांढऱ्या. इतर खणांत ग्रॅव्हिटी अकराशे ऐंशीच्या आसपास.

"उन्हाळ्यात ट्रॅक्टर कुठं लावला होता रे?"

"पत्र्याच्या शेडात. हंगाम संपला तवापास्नं दसऱ्यापर्यंत."

"मधी कधी चालू केला?"

"एक-दोनदा केला असंल."

मिस्त्री म्हणाले, "हिला थंडीनं नाय मारलं. ही मे महिन्यातच मेली. मयत तेवढी आज कळली."

मिस्त्रींचे हे बोलणे आमच्या डोक्यात राहिले. हंगाम संपल्यावर आम्ही त्यांच्याजवळ दोन दुपारी बसलो, हे पुस्तकांतून ताडून पाहिले, आणि सभासदांच्या उपयोगी पडेल ते येथे देत आहोत. कारण आपल्याकडे बॅटरी गेली की थंडीच्या नावाने खडे फोडायचे आणि नवी आणायची, अशी पद्धत पडली आहे. नवीला आता काही हजार रुपये पडतात. चार वर्षे चालावी ती दोन वर्षांत बदलावी लागली, तर वाहतुकीच्या बिलातले तेवढे पैसे वाऱ्यावर गेले असेच म्हणायचे.

प्रथम बॅटरी म्हणजे काय ते थोडक्यात. हौदात पाणी साठवावे तशी बॅटरीत वीज साठलेली नसते. आत शिशाच्या प्लेटा असतात. एका बाजूच्या प्लेटांवर शिशाचे तपकिरी ऑक्साइड, दुसऱ्या बाजूच्या प्लेटांवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे, आणि दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाचे ॲसिड. तारा जोडल्या की या तिघांत रासायनिक क्रिया होते आणि तीतून वीज मिळते. ॲसिडातला गंधकाचा अंश प्लेटांवर जाऊन बसतो, म्हणून बॅटरी उतरते तसे ॲसिड पातळ होते. चार्जिंग केले की तोच अंश पुन्हा ॲसिडात परततो. एका खणात सुमारे दोन व्होल्ट, सहा खणांचे मिळून बारा. गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही बॅटरी केली. तेव्हापासून तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ क्रिया तीच राहिली.

आता क्रिया म्हटली की तिला ऊन-थंडी लागणारच. घरात दही लावतात ते पाहा. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागते, थंडीत रात्र जाते. बॅटरीचे तसेच आहे. गार बॅटरीत क्रिया मंद चालते, ॲसिड दाट होते, प्लेटेच्या बारीक छिद्रांत ते लवकर शिरत नाही. थंडीत मळी नळातून कशी आळसावून येते, ते कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको. ढोबळ हिशेब असा : २७ अंशांना जी बॅटरी पूर्ण ताकद देते, ती शून्य अंशाला सुमारे ८० टक्के देते आणि शून्याखाली १८ अंशांना जेमतेम निम्मी. आपल्याकडे शून्य कुठले? निफाडकडे पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या येतात, पण आपल्या बहुतेक गावांत कडाक्याची पहाट म्हणजे ८-१० अंश. तेव्हा नुसत्या थंडीने आपल्याकडच्या धडधाकट बॅटरीची दहा-बारा टक्क्यांहून जास्त ताकद जात नाही. एवढ्याने ट्रॅक्टर बंद पडत नाही.

मग अडते कुठे? अडते ते दोन्हीकडून एकदम ओढ लागल्यामुळे. बॅटरी कमी देते आणि त्याच वेळी इंजिन जास्त मागते. गार इंजिनात ऑइल घट्ट झालेले असते. त्यातून चाळीस नंबरचे एकेरी ऑइल असेल तर विचारूच नका. सेल्फला दोन-तीनशे अँपिअर ओढावे लागतात. शिवाय डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नाही. सिलिंडरात हवा जोराने दाबली जाते, ती तापते, आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. इंजिन हळूहळू फिरले तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या गार भिंतीच खाऊन टाकतात. पेट घेण्याइतकी ती तापतच नाही. म्हणजे सेल्फ फिरतो आहे, धूर पांढरा येतो आहे, पण इंजिन पकडत नाही. चालक मग सेल्फ दाबूनच धरतो. मिनिटभर दाबला की उरलीसुरली बॅटरी गेली आणि सेल्फही तापला. मिस्त्रींचा नियम असा : क्लच दाबावा, सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे. त्या अर्ध्या मिनिटात प्लेटांजवळचे ॲसिड ताजे होते आणि दुसऱ्या वेळी बॅटरी थोडी जास्त देते. ऑइल पंधरा-चाळीसचे मल्टिग्रेड घातले तर पहाटेचा निम्मा त्रास वाचतो.

त्या दिवशीच्या ट्रॅक्टरबाबत आणखी एक गोष्ट मागाहून कळली. रात्री रांगेत इंजिन बंद होते, पण गाणी चालू होती. हल्ली उसाच्या ट्रॅक्टरवर स्पीकरची पेटी आणि रंगीत दिव्यांची माळ नसेल तर चालकाला कमीपणा वाटतो. आमचा गाण्याला विरोध नाही. रात्रपाळीला आम्हीही ती ऐकतो, ऐकावीच लागतात! पण हिशेब करून पाहा. पेटी आणि माळ मिळून दहा अँपिअर ओढतात असे धरले, तर आठ तासांत ऐंशी अँपिअर-तास गेले. ट्रॅक्टरची बॅटरीच ऐंशीची. म्हणजे गाण्यांनीच ती संपवली, पहाटेच्या सेल्फला काय उरणार? बरे, यार्डातून गव्हाणीपर्यंत इंजिन चालू-बंद करत गेल्याने ती भरून येत नाही. भरायला काही तास सलग चालावे लागते, आणि गार बॅटरी चार्जिंगही सावकाश घेते.

एवढे झाले थंडीचे. थंडी बॅटरीला लंगडी करते, ऊन पडले की ती पुन्हा चालू लागते. कायमचे नुकसान करतो तो उन्हाळा, आणि तो मुकाट्याने करतो.

उन्हाळ्यात बॅटरी झकास उठते. गरम ॲसिड पातळ, क्रिया जोरात, सेल्फ एका दाबात. त्यामुळे मालक निर्धास्त असतो. पण दही लवकर लागते तसे लवकर आंबतेही. जी क्रिया आपल्याला हवी ती जोरात चालते, तशी नको असलेलीही जोरात चालते. अधिक बाजूच्या प्लेटांची शिशाची जाळी गंजत जाते, पोकळ होते, तिच्यावरचा लेप सुटून तळाशी बसतो. पाणी उडते. काहीही न जोडता ठेवलेली बॅटरी आपोआप उतरते, ती तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट वेगाने उतरते. जाणकार एक अंदाज सांगतात : बॅटरी सतत आठ-दहा अंश जास्त गरम राहिली की तिचे आयुष्य निम्मे होते. २७ अंशांत चार वर्षे टिकणारी बॅटरी कायम ३७ अंशांत ठेवली तर दोनच वर्षे टिकेल. अर्थात वर्षभर कुठे ३७ अंश नसते. पण वैशाखात बाहेर चाळिशी गाठली की बॉनेटखाली, इंजिनाच्या बगलेत किती असेल याचा विचार करा. भर दुपारी पत्र्याच्या बंद शेडातही तीच गत.

त्यात ती उभी. आपल्याकडचा ट्रॅक्टर मार्च-एप्रिलमध्ये उसातून मोकळा होतो. नांगरटीला लागला तर ठीक, नाहीतर शेडात जातो. तेथे बॅटरी उन्हाने आपोआप उतरत राहते. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. ताजा असेतो तो चार्जिंगने निघतो. दोन-तीन महिने तसाच राहिला तर त्याचे खडे घट्ट होतात आणि मग कितीही चार्जिंगला टाका, ते विरघळत नाहीत. प्लेटांच्या पांढऱ्या कडा त्याच. दसऱ्याला ट्रॅक्टर काढतात, बॅटरी चार्ज करून आणतात, ऑक्टोबरच्या उन्हात निम्म्या जिवावरही ती इंजिन उठवते. मालकाला वाटते, चांगली आहे. जानेवारीत इंजिनाची मागणी वाढली की तिचे पितळ उघडे पडते.

उन्हाळ्यात पाणी कमी झाले की दुसरी मोठी चूक होते. पाण्याऐवजी ॲसिड घालतात. "ताकद कमी झालीय, थोडं ॲसिड टाका," असे सांगणारे गावोगाव आहेत. आमचे स्पष्ट मत असे की बॅटऱ्यांचे जितके नुकसान या सल्ल्याने झाले तितके क्वचितच कशाने झाले असेल. उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते. म्हणजे पाणी कमी झालेल्या बॅटरीत ॲसिड आधीच तीव्र झालेले असते. त्यात आणखी ॲसिड घातले की दोन दिवस ती जोरात वाटते आणि प्लेटा मात्र झपाट्याने खाल्ल्या जातात. सांडले असेल तरच ॲसिड, एरवी फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे नको, बोअरचे तर नकोच. त्यातले क्षार आणि लोह आत जाऊन बसतात.

येथे कारखान्यातल्या मंडळींना एक सांगायचे आहे. "इव्हॅपोरेशनचं वाफेचं पाणी आहे की, ते डिस्टिल्डच," असे म्हणून काहीजण कॅन भरून नेतात. ते पाणी वाफेचे खरे, पण रसाच्या वाफेचे. उकळत्या रसाबरोबर साखरेचे अंश उडून त्यात येऊ शकतात, म्हणून तर प्रयोगशाळा ते बॉयलरला देण्याआधी साखरेसाठी तपासत असते. जे बॉयलरला तपासल्याशिवाय चालत नाही, ते बॅटरीत कसे चालेल? पेट्रोल पंपावर डबा मिळतो, तो घ्यावा.

पाणी प्लेटांच्या वर अर्धा इंचभर असावे. काठोकाठ भरू नये, कारण ॲसिड तापले की फुगते आणि बुचांतून बाहेर येते. मग टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून ती ब्रशने धुवावी. बुचे घट्ट लावून, म्हणजे सोडा आत जाणार नाही. कोरडे करून व्हॅसलीन चोपडावे. एप्रिल ते जून दर आठवड्याला पाणी बघावे, इतर वेळी महिन्यातून एकदा चालेल.

पाणी फारच लवकर उडत असेल तर चार्जिंगचे व्होल्ट तपासून घ्या. इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत. बॅटरी गरम असली की त्याच व्होल्टवर ती जास्त करंट ओढते. त्याने आणखी तापते, आणखी ओढते. म्हणून दर दहा अंशांना दोन-तीन दशांश व्होल्ट कमी लागतात. २७ अंशांना १४.४ योग्य असतील, तर बॅटरी ४५ अंशांवर असताना १४ पुरेत. काही रेग्युलेटर हे आपोआप करतात, सगळे करत नाहीत. पंधराच्या वर काटा गेला तर रेग्युलेटर बिघडला असे समजून इलेक्ट्रिशियनला गाठावे.

हायड्रोमीटर वापरणाऱ्यांसाठीही उन्हाचा एक हिशेब आहे. भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी २७ अंशांना साधारण बाराशे पासष्ट, निम्मी उतरली की अकराशे नव्वद, पार उतरली की अकराशे वीस. पण गरम ॲसिड पातळ दिसते आणि गार ॲसिड दाट. दर दहा अंशांना सात आकड्यांचा फरक पडतो. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांना १२५० दिसले तर खरे १२६० धरावेत. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना तेच १२५० दिसले तर खरे १२४०. पहाटे आकडा चांगला दिसला म्हणून खूश होणारे या दहा आकड्यांत फसतात. एखाद्या खणाची ग्रॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा तीस-चाळीसने कमी असेल तर तो खण गेला. त्याला चार्जिंगने फरक पडत नाही.

आता एक वाईट प्रसंगही सांगितला पाहिजे. दोन हंगामांपूर्वी वर्कशॉपबाहेर एका तरुण चालकाने बॅटरीतले पाणी दिसेना म्हणून काडी ओढली. नुकतीच चार्जिंगवरून काढलेली बॅटरी. मोठा आवाज झाला आणि वरचे झाकण उडाले. ॲसिड तोंडावर. जवळच बैलांच्या पाण्याचा हौद होता. मिस्त्रींनी त्याला मानगुटीला धरून हौदाशी नेले आणि पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांवर पाणी मारत ठेवले, मग दवाखान्यात धाडले. डोळे वाचले. गालावर डाग आहे. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के मिसळला तरी ठिणगीला पुरतो. उन्हाळ्यात गॅस जास्त निघतो. बॅटरीजवळ काडी नको, बिडी नको. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात, तेव्हा बॅटरी लावूनच बॅटरी पाहावी, आणि मोबाइलचा उजेड तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

दुसऱ्याची बॅटरी जोडून चालू करतानाही हेच. आधी अधिकला अधिक जोडावे. मग चांगल्या बॅटरीचा उणे, आणि त्या तारेचे दुसरे टोक बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडली तर ती तेथे पडेल.

आमच्या गावांतली बरीच मुले फौजेत आहेत. लडाखला राहून आलेल्या एका जवानाने सांगितले की तेथे उतरलेली बॅटरी रात्री बाहेर राहिली तर सकाळी फुटलेली सापडते. ते खरे आहे. भरलेल्या बॅटरीतले ॲसिड शून्याखाली पन्नास अंशांनाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरते, ते शून्याखाली सात-आठ अंशांनाच गोठते आणि पेटी फोडते. आपल्याला ती भीती नाही. आपला वैरी वैशाख.

काही समजुती राहिल्या. बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते म्हणतात. पूर्वीच्या पेट्यांच्या वेळी त्यात तथ्य असेल, आताच्या प्लास्टिकच्या पेटीला काही होत नाही. वरचा भाग ओला आणि मळलेला असेल तर त्या मळातून मात्र वीज झिरपते. पहाटे बॅटरीवर गरम पाणी ओततात, तेही व्यर्थ. तांब्याभर पाण्याने आतले वीस किलो शिसे-ॲसिड तापत नाही. त्यापेक्षा रात्री इंजिन बंद केल्यावर बॅटरीवर गोणपाट टाकावे आणि चालू करण्याआधी आठवणीने काढावे. आणि मेंटेनन्स-फ्री बॅटरी घेतली म्हणून उन्हापासून सुटका होत नाही. तिच्यात पाणी कमी उडते एवढेच. जाळी तिचीही गंजते, उभी राहिली तर तीही उतरते.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा करायचा असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करावी, आधी उणे टर्मिनल सोडावे, मग अधिक, आणि ती काढून घराच्या पडवीत, सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. महिन्यातून एकदा चार्जिंगला टाकावी. ट्रॅक्टर दोन मिनिटे चालू करून बंद करणे हा चार्जिंगचा प्रकार नव्हे. सेल्फने घेतले तेवढेही त्यात परत येत नाही.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधीच्या आठवड्यात आपल्या वर्कशॉपमध्ये ऊस वाहतुकीच्या वाहनांच्या बॅटऱ्या पाहून दिल्या जातील. शेतकी खात्याच्या गट कार्यालयांत नावे नोंदवावीत. ट्रेलर सोडून यावे. येण्याच्या आदल्या दिवशी बॅटरीत पाणी घालू नये, ताजे पाणी वरच तरंगते आणि ग्रॅव्हिटी खोटी दिसते. लांबून ट्रॅक्टर चालवत आलेल्यांनी तासभर थांबण्याच्या तयारीने यावे, कारण गरम बॅटरी मिस्त्री तपासत नाहीत. चहा वर्कशॉपच्या कॅन्टीनमध्ये मिळेल.